ड्वार्फ फोर्ट्रेस : मेलेल्यांच्या वेढ्यातून गड कसा वाचवायचा

ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या लोकांचा, गड वसवायचा आणि राखायचा असतो. एके दिवशी खेळ मधेच थांबतो आणि पडद्यावर सूचना येते : मेलेले चालू लागले आहेत, लपता येतंय तोवर लपा. माझ्या पहिल्या मोठ्या गडावर ही ओळ आली तेव्हा मी निर्धास्त होतो. दहा जणांचं पथक, सगळ्यांच्या हातात स्टीलच्या कुऱ्हाडी, दोन वर्षांचा सराव. पथकाने झोंबींच्या पहिल्या रांगेचे हात आणि मुंडकी सपासप उडवली. मागे एक माणूस शांतपणे उभा होता. त्याने हात वर केले आणि तुटून पडलेले तेच हात जमिनीवरून सरपटत पुन्हा माझ्या सैनिकांच्या अंगावर आले. मग एक सैनिक पडला, उठला आणि शेजारच्याच्या गळ्याला भिडला. त्या गडावर ऐंशीच्या वर ड्वार्फ होते. एकही वाचला नाही.

पुढचे तीन गड मी याच एका संकटासाठी बांधले आणि त्यातून शिकलेलं इथे क्रमाने मांडतो आहे. आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गॉब्लिनांच्या, म्हणजे जिवंत राक्षसी शत्रूंच्या, वेढ्यात शत्रू मारला की तो कमी होतो. मेलेल्यांच्या वेढ्यात मारलेलं प्रत्येक प्रेत, मग ते तुमचं असो वा त्यांचं, शत्रूच्या सैन्यात भरती व्हायला तयार पडलेलं असतं. त्यामुळे खरी लढाई दोन गोष्टींवर होते : प्रेतं कुठे पडतात आणि नेक्रोमॅन्सरला, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या त्या जादूगाराला, ती दिसतात का. खालची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांशी बांधलेली आहे.

टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचा हा खेळ ८ ऑगस्ट २००६ रोजी पहिल्यांदा लोकांसमोर आला, २०१२ मध्ये त्यात नेक्रोमॅन्सर आले, आणि ६ डिसेंबर २०२२ पासून तो चित्रांसह स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर मिळतो. माझा अनुभव या स्टीमवरच्या आवृत्तीचा आहे. खेळात अजूनही भर पडत असते आणि वेढ्यांच्या वागणुकीत बदल होतात, म्हणून मोठा अपडेट आला की आधी त्याच्या नोंदी वाचा आणि मगच जुन्या गडावर विसंबा.

१. शत्रू ओळखा

वेढ्यात दोन वेगळे प्राणी असतात आणि त्यांच्यासाठी दोन वेगळे उपाय लागतात.

झोंबीला वेदना होत नाहीत, तो थकत नाही, श्वास घेत नाही, घाबरून पळत नाही. पोटात खुपसलेला भाला जिवंत माणसाला आडवा करतो, झोंबीला त्याचं काहीच वाटत नाही. तो बुडून मरत नाही, म्हणून पाण्याच्या खंदकावर भिस्त ठेवू नका. त्याला अन्नपाणी लागत नाही, त्यामुळे वेढा कंटाळून निघून जाईल ही आशाही सोडा.

नेक्रोमॅन्सर मात्र जिवंत असतो. त्याने जीवन-मरणाचं रहस्य मिळवलेलं असतं आणि तो म्हातारा होत नाही, पण बाण लागला तर त्याला रक्त येतं आणि तो मरतो. त्याची ताकद नजरेत आहे. त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आलेलं प्रेत किंवा डोकं अथवा पकडणारा हात शाबूत असलेला तुकडा तो उठवू शकतो. भिंतीपलीकडचं, वळणापलीकडचं, बंद दारामागचं त्याला दिसत नाही. या मर्यादेवरच आपला गड उभा राहतो.

तो मेला म्हणजे त्याने उठवलेले झोंबी आपोआप कोसळतील असं नव्यांना वाटतं. तसं होत नाही. उठलेले उठलेलेच राहतात. फक्त नवीन उठणं थांबतं, आणि तेवढ्याने लढाईचं पारडं पूर्ण फिरतं.

२. एम्बार्क करण्याआधी शेजारी पाहा

एम्बार्क म्हणजे जागा निवडून तिथे वस्तीला उतरणं. जागा निवडताना शेजाऱ्यांची यादी दिसते. त्यात टॉवर असेल तर जवळ नेक्रोमॅन्सरचा मनोरा आहे आणि त्याचे वेढे येणार. पहिल्या एकदोन गडांसाठी टॉवर नसलेली जागा घ्या. हा भित्रेपणा नाही. पूल, लिव्हर (पूल हलवायची कळ), पथकं ही यंत्रणा हाताखालून एकदा तरी गेलेली असावी, मग टॉवरशेजारी उतरा.

त्याच ठिकाणी परिसराचं वर्णनही वाचा. सिनिस्टर, हाँटेड किंवा टेरिफाइंग लिहिलेलं असेल तर ती भूमी दुष्ट आहे. अशा काही भूभागांत प्रेतं नेक्रोमॅन्सरशिवाय आपसूक उठतात. तिथे नजर अडवून काही साधत नाही, तो अनुभव झाल्यावर घ्यायचा विषय आहे.

जग तयार करताना इतिहास छोटा ठेवला तर मनोरे उभे राहायला वेळच मिळत नाही. तपशीलवार पर्यायांत रहस्यांच्या प्रकारांची संख्या शून्य केली तर नेक्रोमॅन्सर मुळात तयारच होत नाहीत. पण तुम्ही हा लेख वाचताय म्हणजे बहुतेक तो पर्याय तुम्हाला नकोय.

३. आधी जमवायची सामग्री

पहिला शरद ऋतू संपायच्या आत हे हाताशी असावं :

- दगडी मेकॅनिझम, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, निदान पंचवीस. हिशोब सोपा आहे : लिव्हर बांधायला १, तो पुलाला जोडायला २, म्हणजे एका पुलामागे ३. तीन पुलांचे ९ झाले. प्रत्येक केज ट्रॅपला, म्हणजे पिंजऱ्याच्या सापळ्याला, १, असे पंधराएक ट्रॅप धरा.
- लाकडी पिंजरे, ट्रॅप असतील तितके आणि वर थोडे शिल्लक. एका ओंडक्यातून एक पिंजरा होतो.
- पुलांसाठी आणि भिंतींसाठी दगडी ठोकळे.
- दोन मायनर आणि दोन चांगले दगडकाम करणारे, ज्यांच्यावर दुसरं काहीही काम टाकलेलं नाही.
- सेटिंगमध्ये ऋतूगणिक ऑटोसेव्ह चालू.

मेकॅनिझमचं काम मेकॅनिकच्या कार्यशाळेत कायमच्या ऑर्डरवर लावून ठेवा. माझ्या दुसऱ्या गडावर पूल तयार होता, लिव्हर तयार होता आणि जोडायला एक मेकॅनिझम कमी पडलं. तो दगड फोडून, घडवून, वाहून नेईपर्यंत झोंबी पुलावरून आत आले होते.

४. दार : पूल आणि लिव्हर

लाकडी किंवा दगडी दरवाज्यावर विसंबू नका. इमारती फोडणारा एखादा प्राणी मेलेल्यांमध्ये असेल तर तो दार उखडतो. उभा केलेला पूल मात्र भिंतीसारखा अडतो.

पूल बांधताना दिशा विचारली जाते आणि नव्यांची फसगत इथेच होते. एक पर्याय पूल आत ओढून घेण्याचा असतो. तो निवडला तर लिव्हर ओढल्यावर पूल नाहीसा होतो, खाली खंदक असेल तर ठीक, पण भिंत काही तयार होत नाही. सपाट जमिनीवर असा पूल टाकलात तर दार बंद झाल्याचा भास होईल आणि वाट उघडीच राहील. तुम्हाला बाण दाखवलेला, एका कडेवर उभा राहणारा पूल हवा, आणि ती कड गडाच्या आतल्या बाजूची असावी. बांधून झाल्यावर दोनदा लिव्हर ओढून बघा. कागदावर बरोबर असलेला पूल प्रत्यक्षात उलट्या बाजूला उठतो, हे वेढ्याच्या दिवशी कळून उपयोग नाही.

लिव्हर कुठे असावा? दाराशेजारी तर कधीच नको. लिव्हर तुम्ही ओढत नाही, ड्वार्फ ओढतो. तो रिकामा असायला हवा, चालत यायला हवा, आणि त्यानंतरही पूल हलायला सुमारे १०० टिक (खेळातल्या वेळेची छोटी एककं) जातात. म्हणून लिव्हर जेवणाच्या दालनात ठेवा, तिथे कोणी ना कोणी असतंच. प्रत्येक लिव्हर वेगळ्या रंगाच्या दगडाचा करा आणि कुठला कशाचा ते लिहून ठेवा. घाईत चुकीचा लिव्हर ओढून गड घालवणं फार सोपं आहे.

खंदक खणणार असाल तर एक सूचना. चॅनल केल्यावर, म्हणजे वरून खाली खणल्यावर, खालच्या पातळीवर उतार शिल्लक राहतो. तो काढला नाही तर शत्रू एका बाजूने उतरतो आणि दुसऱ्या बाजूने चढून येतो. उतार काढल्याशिवाय खंदक पुरा झाला असं समजू नका.

गडाला आकाशाकडे उघडी जागा असेल, मग ती विहीर असो, कुरण असो वा खाणीचं तोंड, तर तिच्यावर छत घाला. भिंतीला लागून असलेली झाडं तोडा. चढणारे आणि उडणारे प्राणीही मरतात आणि उठतात.

५. वाट : गोमुखी वळणं आणि दोन रस्ते

सरळ, लांब, सुंदर बोगदा खणण्याचा मोह आवरा. त्यातून नेक्रोमॅन्सरला तुमच्या गडाच्या पोटापर्यंत सगळं दिसतं. वाटेला गोमुखी वळणं द्या : काही पावलं सरळ, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वळण त्याची नजर तोडतं. तिसऱ्या वळणावर पडलेलं प्रेत पहिल्या वळणावर उभ्या असलेल्या नेक्रोमॅन्सरला दिसत नाही आणि म्हणून उठतही नाही. तुमच्या पथकाची पाठ राखायला या वळणांसारखं दुसरं काही नाही.

वळणांमध्ये केज ट्रॅप लावा. नव्यांच्या सगळ्या साधनांत मी केज ट्रॅपला पहिला क्रमांक देतो आणि त्याचं कारण पकड हे नाही. कारण हे की पिंजरा प्रेत तयार करत नाही. झोंबी अडकला, गोष्ट संपली, जमिनीवर काही पडलं नाही. उलट कुऱ्हाडीच्या पात्यांचे किंवा दातेरी चक्रांचे वेपन ट्रॅप पाहायला जोरदार असतात, पण ते तुकडे पाडतात. तुकड्यांत हात असतात, मुंडकी असतात, आणि मागून नेक्रोमॅन्सर येतच असतो. शिवाय तुकडे अडकून ट्रॅप जाम होतो आणि तो मोकळा करायला तुमचा मेकॅनिक नेमका नको त्या वेळी तिकडे निघतो.

एक केज ट्रॅप एकालाच पकडतो. म्हणून ते एका रांगेत न ठेवता खोलवर पसरवा, वाटेच्या पूर्ण रुंदीत. आपल्या ड्वार्फना आणि व्यापाऱ्यांना ट्रॅप ओळखतो. मात्र आपलाच सैनिक त्यावर बेशुद्ध होऊन पडला तर तोही पिंजऱ्यात जातो. घाबरू नका, पिंजऱ्यातून सोडता येतो.

इथे एक अडचण येते. व्यापाऱ्यांच्या गाड्यांना तीन चौकोन रुंद वाट लागते आणि गाड्या ट्रॅपवरून जात नाहीत. त्यासाठी दोन रस्ते करा. एक गाड्यांचा, रुंद, ट्रॅप नसलेला, स्वतःचा पूल असलेला. दुसरा वळणांचा आणि ट्रॅपचा, त्यालाही शेवटी पूल. वेढा आला की गाड्यांचा पूल उठवा आणि ट्रॅपचा रस्ता उघडा ठेवा. वेढा घालणारे मोकळी असलेली वाट शोधत येतात, त्यामुळे ते तुम्ही आखून दिलेल्या रस्त्यानेच येतात. पिंजरे भरत आले की दुसराही पूल उठवायचा. दोन्ही बंद केले तर ते बाहेर घोटाळत राहतात. पहिल्याच वेढ्यात लढायची हिंमत नसेल तर तेही चालेल, बाहेर घोटाळू द्या.

व्यापार डेपो पहिल्या पुलाच्या आत बांधा. बाहेर असेल तर तांड्यातली माणसं, त्यांची जनावरं, रक्षक हे सगळे आयते सैनिक होतात.

६. प्रेतांची विल्हेवाट

ही पायरी नवे लोक टाळतात आणि गड इथेच जातो. वेढा नसतानाच्या दिवसांत गडाभोवती काय काय साचतं ते मोजा. शिकारीत मेलेली जनावरं, जुन्या गॉब्लिन टोळीचे पडलेले देह, मांजरीने मारलेले उंदीर वगळले तरी उरणारा ढीग. बाहेरच्या कुरणातल्या गाई-मेंढ्या तर चालती-फिरती प्रेतंच समजा. बाहेर काहीही ठेवू नका.

स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे गडाच्या कायमच्या आदेशांत, बाहेरचा कचरा गोळा करण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर ड्वार्फ बाहेरची प्रेतं आणणारच नाहीत. पण ती आत आणली की सडतात, त्यातून मायझ्मा, म्हणजे सडकी दुर्गंधी, पसरतो आणि रहिवाशांची मनःस्थिती बिघडते. म्हणून प्रेतांचा साठा मुख्य वस्तीपासून दूर, छोट्या खोलीत, दोन दारांमागे ठेवा. खाटीक आणि चामडं कमावणारा यांच्या कार्यशाळा त्याच बाजूला. या खोलीची दिशा अशी असावी की वाटेच्या कुठल्याही टोकावरून ती दिसणार नाही.

कायमचा उपाय म्हणजे चिरडणारा पूल, ज्याला इंग्रजीभाषक खेळाडू ॲटम स्मॅशर म्हणतात. तो असा बांधा :

एका बंद खोलीत उभा राहणारा पूल बांधून लिव्हरला जोडा. लिव्हर ओढून तो उभा करा. खाली आल्यावर पूल जी जागा झाकेल तिथे डंपची, म्हणजे टाकाऊ वस्तू टाकायची, जागा आखा. प्रेतं डंप करण्यासाठी खूण करा, ड्वार्फ ती आणून तिथे टाकतील. सगळे बाहेर पडल्याची खात्री करून लिव्हर ओढा. पूल खाली येतो आणि त्याखालचं सगळं नाहीसं होतं. तुकडाही उरत नाही, मायझ्माही नाही. पुन्हा उभा करा, पुन्हा वापरा.

दोन धोके सांगून ठेवतो. पुलाखाली ड्वार्फ असेल तर तोही जातो, म्हणून लिव्हर ओढण्याआधी खेळ थांबवून खोली डोळ्यांनी तपासा. आणि हत्तीसारख्या फार मोठ्या जिवंत प्राण्याला चिरडायला जाऊ नका, पूलच मोडतो.

मॅग्मापर्यंत पोचला असाल तर तोही उत्तम, प्रेतं त्यात टाकली की विषय संपतो. पण मॅग्मा हाताळणं हा स्वतंत्र अभ्यास आहे, वेढ्याच्या आधी घाईने शिकू नये.

आपल्या मृत ड्वार्फना मात्र चिरडू नका. त्यांना शवपेटी द्या, दफनाची जागा गडाच्या सर्वांत खोल भागात ठेवा आणि तिथे जाणाऱ्या वाटेवर दार असू द्या. माझं पहिलं दफनगृह प्रवेशद्वारासमोरच्या भव्य दालनात होतं. त्या दालनाचा मला फार अभिमान होता. ते तिथे असायला नको होतं.

७. शिबंदी आणि हत्यारं

मुख्य हत्यार वॉर हॅमर किंवा मेस. बोथट घाव हाडं चिरडतो, अवयवाचा पार लगदा करतो, आणि लगदा झालेलं प्रेत पुन्हा उठत नाही. कुऱ्हाड आणि तलवार अवयव तोडतात, पुढे काय होतं ते वर सांगितलं आहेच. नेक्रोमॅन्सर मेल्यावर कुऱ्हाडीला हरकत नाही.

धातूची निवड इथे उलटी आहे आणि बरेच जण चुकतात. बोथट हत्याराला वजन हवं. खेळात चांदीची घनता १०४९० आहे, तांब्याची ८९३०, स्टीलची ७८५०. म्हणजे हॅमर चांदीचे उत्तम. चिलखत मात्र स्टीलचं, ते नसेल तर ब्राँझचं. ॲडमँटाइन ही खेळातली सर्वांत मौल्यवान वस्तू, पण तिची घनता अवघी २००. तिचा हॅमर म्हणजे पिसाने मारल्यासारखं. तिच्या तलवारी करा, चिलखतं करा, हॅमर नको.

प्रत्येकाला ढाल, हेल्मेट, ब्रेस्टप्लेट, मेल शर्ट, हातमोजे, ग्रीव्हज, उंच बूट. एकही अवयव उघडा नको. गणवेश ठरवला म्हणजे तो अंगावर आला असं नाही, पथकाच्या यादीत जाऊन प्रत्येकाने काय घातलंय ते बघा. खाणीत काम करणाऱ्याला सैन्यात घेतलं तर कुदळ आणि हॅमर यांत गोंधळ होतो, त्यांना वेगळं ठेवा.

पथकं किमान दोन असावीत. तुमचा ड्वार्फ थकतो, झोंबी थकत नाही. पहिली तुकडी धापा टाकू लागली की तिला आत घेऊन दुसरी पुढे करायची. बॅरॅक नेमून आलटूनपालटून सरावाचं वेळापत्रक लावा. सतत सराव लावला तर कौशल्य लवकर वाढतं, पण सैनिक वैतागतात आणि वैतागलेला सैनिक गडाला भारी पडतो.

तिसरं छोटं पथक धनुर्धाऱ्यांचं, म्हणजे क्रॉसबोवाल्यांचं. झोंबीवर बोल्टचा, म्हणजे क्रॉसबोच्या बाणाचा, फारसा परिणाम होत नाही. हे पथक एकाच माणसासाठी आहे, त्याच्याबद्दल दहाव्या पायरीत.

८. आत राहण्याची सोय

वेढा किती दिवस चालेल ते तुमच्या हातात नसतं, म्हणून बाहेर न पडता जगता आलं पाहिजे. मातीच्या थरात प्लंप हेल्मेट या खायच्या अळंबीचं शेत, जवळ दारू गाळायची स्टिल, आणि अन्नाच्या साधारण दुप्पट पेय. जखमींना दारू चालत नाही, पाणीच लागतं, त्यामुळे आत विहीर हवीच. लाकडासाठी गुहेतली बुरशीची झाडं कामी येतात, पण गुहेच्या तोंडालाही पूल लावा. तिथलेही प्राणी मरतात.

९. सूचना आली, आता पुढची काही मिनिटं

स्पेसबार दाबा, खेळ थांबवा आणि थांबवलेल्या अवस्थेतच पुढचं सगळं करा :

अ) गाड्यांच्या पुलाचा लिव्हर ओढण्याचा आदेश द्या आणि त्याला तातडीची खूण करा.

आ) आधीच आखून ठेवलेला बरो, म्हणजे ड्वार्फांनी ज्याबाहेर जायचं नाही अशी हद्द, लागू करा, म्हणजे सगळे आत पळतील. हा बरो शांततेत आखायचा. त्यात जेवण, झोप, विहीर, इस्पितळ आणि लिव्हरचं दालन आलंय ना ते तपासा. लिव्हरच बरोबाहेर राहिला तर तो ओढायला कोणीच जाणार नाही.

इ) बाहेर कोण अडकलंय ते पाहा. इथे मन घट्ट करावं लागतं. नकाशाच्या टोकाला लाकूड तोडणाऱ्या एकासाठी पूल उघडा ठेवू नका. मी एकदा ठेवला. तो ड्वार्फ आत आला, त्याच्या मागोमाग वेढाही आला.

ई) मेलेल्यांच्या वस्तू आपोआप फॉरबिड होतील, म्हणजे त्यांना हात लावायला मनाई होईल, असा पर्याय स्टँडिंग ऑर्डरमध्ये चालू आहे ना ते बघा. नसेल तर बाहेर एखादा मेल्याबरोबर त्याचे मोजे उचलायला चार जण रिकाम्या हाताने धावतील. मोज्यांपायी गेलेले गड मी पाहिले आहेत.

उ) भरलेले पिंजरे हलवायची आणि ट्रॅप पुन्हा लावायची कामंही लगेच निघतात. वाटेच्या आतल्या टोकाचा पूल बंद असेल तर कोणी जाणार नाही. तो उघडा ठेवून पिंजरे उचलू देऊ नका.

नेहमीच्या सल्ल्यात दाराशी कुत्रा बांधायला सांगतात, लपून येणारा दिसावा म्हणून. मेलेल्यांविरुद्ध मी तो बांधत नाही. तो पहिल्या घावात मरतो आणि दुसऱ्या क्षणी उठतो.

१०. नेक्रोमॅन्सरला टिपणं

आता धनुर्धारी. वाटेच्या पहिल्या भागावर, एक मजला वर, त्यांची छोटी खोली असावी. भिंत गुळगुळीत करून त्यात जंघ्या, म्हणजे फॉर्टिफिकेशन, कोरा. जिथून बाण जातो तिथून नजरही आत येते, हे विसरू नका. या खोलीत प्रेत नको, जवळ साठा नको, आणि खोलीला मागे एकच दार असू द्या. आत कोणी मेला तर ते बंद करता येईल.

युनिट्सच्या यादीत इतर या भागात शत्रू दिसतात. नेक्रोमॅन्सर सापडला की पथकाला नाव धरून त्याला मारण्याचा आदेश द्या. साधं पुढे जा असं सांगितलं तर ते समोर येईल त्या झोंबीवर बोल्ट उधळतील आणि भाते रिकामे करतील. पथकाला बोल्ट नेमून दिलेत ना, प्रत्येकाकडे भाता आहे ना, हेही आधी बघायचं.

यादीत तो नसेल, पण प्रेतं उठत असतील, तर तो लपून आहे. तेव्हा हॅमरवाल्यांना वळणाबाहेर पाठवू नका. शेवटच्या वळणामागे उभे करा आणि झोंबींना त्यांच्यापर्यंत येऊ द्या. तिथे पडलेलं उठत नाही.

नेक्रोमॅन्सर स्वतःच पिंजऱ्यात आला तर नशीब समजा. तो पिंजरा प्रेतांपासून दूर, वेगळ्या बंद खोलीत ठेवा. काही अनुभवी खेळाडू त्याला सैनिकांच्या सरावासाठी वापरतात. पहिल्या वेढ्यानंतर तुम्ही तो प्रयोग करू नये असं मला कळकळीने वाटतं.

११. दार उघडण्याआधी

शेवटचा झोंबी पडला की सगळ्यांना बाहेर सोडायची घाई होते. थोडं थांबा. यादी पुन्हा पाहा, एकही शत्रू शिल्लक नाही याची खात्री करा. आधी फक्त एक हॅमर पथक बाहेर काढून नकाशाच्या कडांपर्यंत फिरवा. मग बरो उठवा. सर्वांत आधी प्रेतं आणि तुकडे डंपला खूण करून चिरडणाऱ्या पुलाखाली पाठवा, लूट त्यानंतर. पुढचा वेढा येईल तेव्हा मैदान रिकामं असलं पाहिजे.

भरलेले पिंजरे तसेच ठेवले तरी चालतात, आतल्यांना काही खायला लागत नाही. जागा अडत असेल तरच त्यांचं बघा.

या काळात गडात ग्रंथालय असेल तर एक सावधगिरी. बाहेरून आलेल्या एखाद्या पुस्तकात जीवन-मरणाचं रहस्य लिहिलेलं असू शकतं आणि ते वाचणारा तुमचा विद्वानच नेक्रोमॅन्सर होतो. पाहुणा म्हणून येणारा नेक्रोमॅन्सरही असतो, त्यामुळे शंका असेल तेव्हा मद्यशाळा फक्त नागरिकांसाठी ठेवा.

शेवटी मृत आणि बेपत्ता यांची यादी उघडा आणि एकेक नाव घ्या. देह सापडला असेल तर शवपेटी. सापडला नसेल, झोंबी होऊन लगदा झाला असेल किंवा चुकून पुलाखाली गेला असेल, तर दगडकामाच्या कार्यशाळेत स्लॅब, म्हणजे स्मृतिशिळा, घडवा, क्राफ्ट्सड्वार्फच्या कार्यशाळेत त्यावर त्याचं नाव कोरायला द्या आणि स्लॅब गडात कुठेतरी उभा करा. नाहीतर तो भूत होऊन दालनांतून फिरतो. ज्या लाकूडतोड्यावर पूल उचलावा लागला असेल, त्याचा स्लॅब पहिला करा.